सावरगावची झडती आणि समेची वाट

सावरगावचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुतेक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. जाम नदीच्या एका तीराला पांढुर्णा, दुसऱ्या तीराला सावरगाव, मध्ये पात्रात रोवलेलं पळसाचं झाड, त्यावरचा झेंडा आणि दोन्हीकडून होणारी दगडफेक. या गोटमारीवर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. तिच्या आदल्या दिवशी या पट्ट्यात जे ऐकू येतं, त्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

श्रावण अमावास्येच्या संध्याकाळी सजवलेल्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि झडत्या सुरू होतात. मोकळ्या गळ्याचा एखादा माणूस पुढे होतो आणि यमक जुळवत चार-सहा ओळी म्हणतो. त्यांत महादेव-पार्वती असतात, बैलाचं कौतुक असतं, कापसाच्या भावाचं दुखणं असतं, एखाद्या पुढाऱ्याला काढलेला चिमटाही असतो. शेवटच्या यमकाशी तो आवाज चढवतो आणि अख्खा जमाव एका दमात महादेवाचा गजर करतो. मग दुसरा पुढे सरसावतो, पहिल्याच्या झडतीला झडतीनेच उत्तर देतो आणि पुन्हा गजर होतो. झडतीला चाल म्हणावी अशी नसते. सूर लावलेला नसतो, साथ असेलच असं नाही. तरीही माणसं तासभर जागची हलत नाहीत, आणि ज्याला एरवी गाण्यात गम्य नाही असा माणूससुद्धा गजराच्या क्षणी बरोबर वेळेवर तोंड उघडतो. नेमकी वेळ त्याला कशी कळते?

कळते, कारण पहिली ओळ संपली की दुसरीच्या शेवटी काय येणार, याचा अंदाज कान बांधू लागतात. ‘धान’ आलं की ‘रान’, ‘मान’, ‘पान’ यांच्यापैकी काहीतरी येणार. यायला हवं ते यावं, पण अगदी अपेक्षेबरहुकूम येऊ नये, एवढ्यातच मजा आहे. लिओनार्ड मेयर या अमेरिकी संगीतशास्त्रज्ञाने 1956 साली संगीतातल्या भावनेवर पुस्तक लिहिलं, त्याचा गाभा हाच होता. संगीत श्रोत्याच्या मनात अपेक्षा उभी करतं, ती लांबवतं, थोडी हुलकावणी देतं आणि मग पुरी करतं. भावना जागते ती या खटाटोपातून. डेव्हिड ह्युरन यांनी 2006 मध्ये याच विचारावर मानसशास्त्राच्या प्रयोगांच्या आधारे मोठा ग्रंथ रचला. दोघांच्याही डोळ्यांसमोर प्रामुख्याने पाश्चात्त्य संगीत होतं, पण त्यांचं म्हणणं तोरणाखालच्या झडतीलाही जसंच्या तसं लागू पडतं.

माझं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. गाण्याचे प्रकार एकमेकांपासून वेगळे असतात ते मुख्यतः श्रोत्याला कशाची वाट पाहायला लावतात आणि किती वेळ, या बाबतीत. झडती दोन ओळींपुरती वाट पाहायला लावते. विलंबित एकतालातला ख्याल बारा मात्रांचं एकेक आवर्तन चाळीस-पन्नास सेकंदं चालवतो आणि तेवढा वेळ तुम्हाला समेसाठी, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेसाठी, तिष्ठत ठेवतो. झडतीत रमणाऱ्याला ख्याल कंटाळवाणा वाटतो आणि ख्याल ऐकणाऱ्याला झडती ओबडधोबड वाटते, तेव्हा रसिकतेत कुणीच कमी नसतं. कशाची वाट पाहायची, एवढंच त्यांना एकमेकांच्या गाण्याबद्दल कुणी सांगितलेलं नसतं.

तबल्यावरचं एक साधं उदाहरण बोटांवर मोजून पाहण्यासारखं आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा मोजत राहा. नवव्या मात्रेला, म्हणजे खालीला, तबलजी ‘तिटकत’ वाजवतो, दहाव्याला ‘गदिगन’, अकराव्याला ‘धा’. बाराव्याला पुन्हा ‘तिटकत’, तेराव्याला ‘गदिगन’, चौदाव्याला ‘धा’. पंधराव्याला ‘तिटकत’, सोळाव्याला ‘गदिगन’, आणि तिसरा ‘धा’ थेट पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर पडतो. हीच तिहाई. पहिल्या वेळी तुकडा नुसता ऐकू येतो. दुसऱ्या वेळी तो ओळखीचा होतो. तिसऱ्या वेळी तो कुठे जाऊन पडणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं, आणि तो तिथेच पडला की मान आपोआप हलते. मैफलीत जाणकार ‘क्या बात है’ म्हणतात ते याच जागी. ढोलकीच्या फडावर शिट्टी पडते तीही बहुतेकदा अशाच एखाद्या तिहाईवर. दोन श्रोतृवर्गांमध्ये अंतर कितीही मोठं मानलं, तरी दाद एकाच कारणाने जाते.

मेंदूत त्या वेळी काय घडतं, याचीही थोडीबहुत कल्पना आता आली आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सलिमपूर, रॉबर्ट झटोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या अंगावर गाणं ऐकताना हमखास काटा येतो अशी माणसं त्यांनी निवडली आणि त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. आवडीची जागा आली की मेंदूच्या सुखाशी संबंधित भागात डोपामिन हे रसायन स्रवत होतं. पण ती जागा येण्याच्या काही सेकंद आधीही, दुसऱ्या एका शेजारच्या भागात, डोपामिन स्रवत होतं. म्हणजे वाट पाहणं हेसुद्धा सुखच आहे, आणि मेंदू त्याचा हिशेब वेगळा ठेवतो.

या संशोधनातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट निष्कर्षात सापडत नाही, प्रयोगाच्या मांडणीत सापडते. अ‍ॅन ब्लड आणि झटोर यांनी 2001 साली काटा येण्यावरच आधीचा एक प्रयोग केला होता. त्यात प्रत्येकाने आपापलं आवडतं संगीत आणायचं होतं. तुलनेसाठी कोरं, भावनाशून्य संगीतही लागणार होतं, आणि त्यासाठी त्यांनी एकाचं आवडतं संगीत दुसऱ्याला ऐकवलं. ज्या सुरांनी एकाच्या अंगावर शहारे येत होते, तेच दुसऱ्याच्या बाबतीत तटस्थ ठरले. आपलं जिवाभावाचं गाणं कुणाला ऐकवावं आणि त्याने ऐकून नुसतं ‘बरं आहे’ म्हणावं, हा अनुभव कुणाला नाही? त्यात समोरच्याचा दोष नसतो.

आता पुन्हा आपल्या पट्ट्याकडे येऊ. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौसर मध्य प्रदेशातच राहिले. शाळा-कचेरीत हिंदी आली, घरात आणि शेतात मराठी राहिली. 5 ऑक्टोबर 2023 पासून या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. नकाशावरची रेघ अशी हलली, पण गाण्यांना ती कधी आडवी आली नाही. नागपूरचं आकाशवाणी केंद्र 1948 पासूनचं, आणि त्यावरचं मराठी गाणं ऐकायला कुणाला सीमेवर परवानगी मागावी लागत नव्हती. महाशिवरात्रीला आणि नागपंचमीला विदर्भातून पचमढीच्या वाटेने निघालेले यात्रेकरू महादेवाची गाणी म्हणत याच मुलुखातून जातात. त्यामुळे इथला कान एकाच प्रकारावर पोसलेला नाही.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. त्यांच्या चाली तीन-चार सुरांत फिरतात, म्हणून पाच वर्षांची पोरही त्या पहिल्याच दिवशी उचलते. या गाण्यांतली वाट गोष्टीची असते. सासू काही अट घालते, सून ती पुरी करते, तोवर दुसरी अट येते. आता माहेरी जायला मिळणार की नाही, हे शेवटच्या कडव्यापर्यंत टांगून ठेवलेलं असतं. आणि गाणी संपल्यावर खाऊचा डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचं असतं. शेंगदाणे की फुटाणे, लाडू की करंजी. डबा उघडण्याआधीची ती दोन मिनिटं आणि गाण्यातली आवडती जागा येण्याआधीचे दोन क्षण, यांची जात एकच. ज्या कुणी हा खेळ गाण्यांच्या शेवटी लावून दिला, तिला मुलींचं मन पुरतं कळलेलं होतं.

भजनात वाट सामुदायिक होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (1909–1968) खंजिरीवर भजन म्हणत. त्यांची भजनं मराठीत आहेत तशी हिंदीतही आहेत, आणि दोन भाषांत जगणाऱ्या या भागाला ते सोयीचं पडलं. म्होरक्या ओळ टाकतो, मंडळी ती झेलतात, पुन्हा ओळ, पुन्हा झेल. हळूहळू लय वाढते. आता खंजिरी दुगुणीत जाणार हे सगळ्यांना कळलेलं असतं, फक्त कुठल्या आवर्तनाला ते म्होरक्याच्या हातात असतं. तो क्षण येतो तेव्हा तीसेक माणसांच्या टाळ्या एकदम दुप्पट होतात. मिळून एका तालात काही केल्यानंतर माणसं एकमेकांना अधिक सहकार्य करतात, असं 2009 साली स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ या संशोधकांच्या प्रयोगांत दिसून आलं. तुकडोजी महाराजांनी ग्रामसफाई आणि सामुदायिक प्रार्थना यांना भजनाची जोड दिली होती. 1942 च्या आष्टी-चिमूरच्या उठावामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती, आणि इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगातही टाकलं होतं.

भीमगीतांत मुख्य भार शब्दांवर असतो. वामनदादा कर्डक (1922–2004) यांच्यासारखे कवी-गायक कव्वालीचा ढाचा घेतात. ओळ दोनदा-तीनदा फिरवून म्हणायची, कोरसने ती उचलायची, आणि अर्थ मात्र शेवटच्या शब्दापर्यंत राखून ठेवायचा. शब्द पडला की सभा उसळते. ही गाणी केवळ सुरांसाठी ऐकणाऱ्याच्या हाती निम्मंच लागेल. ती ज्या माणसांच्या आयुष्याबद्दल आहेत, त्या आयुष्याची ओळख असेल तरच तो शेवटचा शब्द काळजापर्यंत पोहोचतो.

गझलेचं गणित याहून नाजूक आहे. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी (1932–2003) मराठीत ती रुजवली. पहिल्या शेरात दोन्ही ओळींच्या शेवटी यमक आणि त्यामागे तेच अंत्यपद येतं. पुढच्या प्रत्येक शेरात पहिली ओळ मोकळी सोडलेली असते आणि दुसरीने यमकावर परत यायचं असतं. ऐकणारे पहिली ओळ दोनदा ऐकून घेतात ते यासाठीच. यमक कुठलं असेल, याचा अंदाज ते मनात बांधत असतात. अंदाज बरोबर निघाला तर आनंद होतो आणि चुकला तर त्याहून अधिक होतो. झडतीच्या तोरणाखाली वाढलेल्या माणसाला गझल समजावून सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत, असा माझा अनुभव आहे. यमकाची ओढ त्याला आधीपासून असते.

नाट्यसंगीतात राग आहे, पण त्याला वेळेचं कुंपण आहे. मूर्तिजापूरला जन्मलेल्या आणि नागपूरला गाणं शिकलेल्या वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब ज्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये गाजला, ते नाटक नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलं. जितेंद्र अभिषेकींच्या संगीताने ते 1967 साली रंगभूमीवर आलं. दोन घराण्यांच्या गायकीचा झगडा हाच त्याचा विषय. ख्याल कधी न ऐकलेल्या हजारो लोकांनी त्या नाटकात तास न् तास रागदारी ऐकली. कारण कोण हरणार, कोण जिंकणार याची ओढ कथेने लावलेली होती, आणि त्या ओढीच्या आधाराने कान तानांपर्यंत गेले.

चित्रपटगीत तर सगळ्यांचंच. त्याचा तीन-साडेतीन मिनिटांचा आकार 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर मावेल तेवढा ठरला. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा, दुसरा अंतरा, पुन्हा मुखडा. अंतऱ्यात चाल दूर जाते आणि शेवटच्या ओळीत वळण घेऊन घरी येते. चांगला संगीतकार हे वळण असं रचतो की मुखड्याचा पहिला शब्द ऐकणाऱ्याच्या ओठांवर गायकाच्या आधी येतो.

सगळीच गाणी अशी वाट पाहायला लावून मिळतात असं मात्र नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 60 देशांतल्या 750 जणांना जगभरच्या लहान-लहान समाजांतली अनोळखी गाणी प्रत्येकी 14 सेकंद ऐकवली गेली. भाषा कळत नसतानाही अंगाई कोणती आणि नाचाचं गाणं कोणतं, हे त्यांनी बऱ्यापैकी ओळखलं. मांडीवरचं आणि पायातलं गाणं परक्यालाही कळतं. गोंडी ढोलाचा ठेका मराठी माणसाचे पाय हलवतो त्याला शिकवणी लागत नाही. शिकवणी लागते ती शब्दाच्या आणि रागाच्या गाण्याला.

आणि सवयीचाही वाटा मोठा आहे. रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. त्यात किशोरवयाची भर पडली की आवड पक्की होते. दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंत ऐकलेली गाणी माणसाला म्हातारपणीही सर्वांत जवळची वाटतात, असं स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात. म्हणून आजोबांची पसंती आणि नातवाची पसंती यांवरून घरात वाद घालण्यात अर्थ नाही. दोघांच्याही कानांवर त्यांच्या त्यांच्या वयात जे पडलं, ते रुतून बसलेलं आहे.

आवड हुकमाने लावता येत नाही, याचा दाखला आपल्या रेडिओच्या इतिहासात आहे. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 ते 1962 या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. देशाने शास्त्रीय संगीत ऐकावं ही त्यांची कळकळ खरी होती. पण त्यापायी आकाशवाणीवरची चित्रपटगीतं जवळजवळ बंद झाली, आणि श्रोत्यांनी रेडिओ सिलोनची सुई शोधून काढली. 1952 च्या डिसेंबरात अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिची झाली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांनी लोकांपुढे राग ठेवला, पण त्यात कशाची वाट पाहायची हे सांगणारं फारसं कुणी नेमलं नाही, असं मला वाटतं. त्याच काळात पुणे आकाशवाणीने 1955-56 मध्ये गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ आठवड्याला एक या बेताने 56 गीतांत ऐकवलं. त्यातही रागच होते. रामकथेचं बोट धरून ते घरोघर गेले, आणि पुढचं गीत कधी येतं म्हणून लोक आठवडाभर थांबले.

त्या वेळी याच मध्य प्रदेशात, देवासला, कुमार गंधर्व उलट्या दिशेने चालले होते. क्षयाच्या आजारामुळे ते 1948 मध्ये तिथे आले. गाणं बंद, अंथरुणावर पडून राहायचं. तेव्हा दारावरून जाणाऱ्या माळव्यातल्या बायकांची आणि भिक्षेकऱ्यांची गाणी ते ऐकत राहिले. मैफली गाजवलेल्या त्या गवयाने चार सुरांच्या धुनांना कान दिला, त्या गोळा केल्या, आणि त्यांतून नवे राग उभे केले. राग मुळात लोकधुनांतूनच येतो, हे ते पुढे आयुष्यभर गाऊन दाखवत राहिले. आपल्याला न कळणाऱ्या गाण्याकडे कसं जावं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

एकमेकांना गाणी सांगणं ही तर माणसाची जुनी गरज आहे. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ला लोक पत्रं लिहीत, आणि गाण्याआधी आपलं व आपल्या गावाचं नाव ऐकायला रेडिओला कान लावून बसत. हिंदीत त्याच हौसेने झुमरी तलैया हे गाव देशभर माहीत झालं. पीटर रेंटफ्रो आणि सॅम गॉसलिंग यांनी 2006 मध्ये दाखवलं की अनोळखी तरुणांना एकमेकांची ओळख करून घ्यायला सांगितलं, तर ते सर्वांत जास्त बोलतात ते संगीताबद्दल, आणि आवडत्या गाण्यांवरून समोरच्या माणसाच्या स्वभावाचा अंदाजही काही प्रमाणात बरोबर बांधतात.

आता हे देणं-घेणं फोनवर होतं. एका बोटाने गाणं धाडता येतं, आणि दुसऱ्या बोटाने ते दहा सेकंदांत पुढे ढकलता येतं. रीलमध्ये तर गाण्याची तेवढी एक जागाच कापून येते. मला हे नुकसानीचं वाटतं, कारण त्या जागेआधीची वाटच तिथे नसते. मुखड्यावर परत येण्याचं सुख अंतऱ्यात दूर गेल्यावाचून मिळत नाही.

म्हणून गाणं पाठवाल तेव्हा सोबत दोन ओळी लिहा. दुसऱ्या अंतऱ्याची शेवटची ओळ ऐक, तिथे आवाज किती हळू होतो ते बघ. किंवा खालीपासून बोटं मोज, तिसरा ‘धा’ कुठे पडतो ते सांग. आणि कुणी परक्या प्रकारचं गाणं तुम्हाला दिलं तर त्याला विचारा, की यात मी कशासाठी थांबू? सावरगाव, पांढुर्णा, सौसरच्या वाचकांना आणखी एक विनंती. येत्या पोळ्याला झडत्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची परवानगी घेऊन त्यांचा आवाज फोनवर टिपून ठेवा, आणि टिपताना नुसत्या ओळी घेऊन थांबू नका. त्यामागून येणारा जमावाचा गजर पुरता संपेपर्यंत फोन चालू ठेवा.